मदत हवी आहे: न मागितलेले क्रेडिट कार्ड, त्यावर बिल आणि आता वसुलीचे फोन

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या आत्याचा आहे. वय ७१, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, लालबागला एकटी राहते. पेन्शन जमा होते त्या शाखेत मुदतठेव पुढे चालू ठेवायला गेली होती, तेव्हा फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या. काही दिवसांनी घरी क्रेडिट कार्ड आले. तिने मागितलेच नव्हते, म्हणून पाकीट कपाटात पडून राहिले. कार्ड चालू केले नाही, कुणाला ओटीपी दिला नाही.

आता बिल आले आहे. वार्षिक शुल्क, कसल्याशा विम्याचा हप्ता, जीएसटी, विलंब शुल्क, व्याज. खरेदी एका रुपयाची नाही! वसुलीवाले रात्री साडेनऊला फोन करतात, शेजारच्या काकूंनाही केला. उभ्या आयुष्यात कुणाचे उसने न ठेवलेल्या बाईची चाळीत अशी बदनामी व्हावी, याचा संताप जास्त आहे.

शाखेत एकच उत्तर मिळते: "आधी पैसे भरा, मग बंद करू." आत्या घाबरून भरायला निघाली होती, मी थांबवले.

रिझर्व्ह बँकेचे कार्डविषयक निर्देश वाचले. न मागता कार्ड देऊन बिल लावले तर ते शुल्क रद्द करून वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असे त्यात आहे. पण गठ्ठ्यातली ती सही बँकेने संमती म्हणून पुढे केली तर? आणि तिचे सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुणांक, खराब होईल का? माझ्या भावाच्या गृहकर्जात ती सहअर्जदार आहे. कुणी यातून गेले असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, भरू नका, आधी लेखी तक्रार करा. शाखेत तोंडी बोलून काही होत नाही. बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या आणि संमतीचा पुरावा मागा. संमती स्पष्ट हवी, गृहीत धरलेली चालत नाही, हे त्याच निर्देशांत आहे. विम्यालाही वेगळी संमती लागते.

तुमची सर्वात भक्कम बाजू म्हणजे कार्ड चालूच झालेले नाही. ३० दिवसांत चालू न झालेल्या कार्डासाठी बँकेने ओटीपीने संमती विचारायची असते. ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत खाते फुकट बंद करायचे असते. ते का केले नाही, हे विचारा. चालू न झालेल्या नव्या कार्डाची माहिती सिबिलसारख्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवताही येत नाही. तरी आत्यांचा अहवाल काढून बघाच.

व्याजदरावर वाद घालू नका. ३० टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तुमचा मुद्दा संमतीचा आहे, तोच धरून ठेवा.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच. कॉलची नोंद जपा.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. शुल्क नाही, वकील लागत नाही. मनस्तापाची भरपाईही मागा. मसुदा इथे टाकलात तर बघून देतो.