तहसील चौकातलं काचेचं भंगार

पराटीवाला: काल इथंच कोणीतरी लिहिलं, "चौकातलं काच-स्टीलचं शिल्प ज्याला समजत नाही त्यानं आधी डोळे धुवावेत." घ्या, धुतले. तरी भंगारच दिसून राह्यलं. चार वाकडे पाइप, मधात निळ्या काचा. ना गाडगेबाबा, ना तुकडोजी महाराज, बैलही नाही. विचारलं तर म्हणे अमूर्त. मूर्तीच नाही तर चबुतरा कायले बांधला?

ड्रॉइंगची मॅडम: ते मीच लिहिलं होतं. डोळ्यांचं जरा जास्तच झालं, मान्य. पण भाऊ, तुमच्या धुऱ्यावरच्या शेंदूर फासलेल्या गोट्याला नाक-डोळे आहेत का? तरी हात जोडताच ना? मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं शिकागोतलं 'क्लाउड गेट' बघा, स्टीलच्या 168 पत्र्यांचं. लोक त्याला घेवड्याचा दाणा म्हणतात आणि खुशाल फोटो काढतात.

पराटीवाला: देवाले मधात आणू नका. गोट्यापुढं नारळ फुटते, तुमच्या काचेपुढं डोकं. आन शिकागोत 46 डिग्री राहते काय? मे महिन्यात तडकन फुटते का नाही पाहा.

नळाची वाट पाहणारा: चार दिवसाआड पाणी, आन चौकात काच. चालू द्या.

वेल्डिंगवाला: मेमधी नाही फुटत राजेहो, फुटली तर थंडीत फुटते. मले अनुभव आहे. एका दुकानदाराची घाई, भर मे महिन्यात टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच स्टेनलेसच्या चौकटीत गच्च बसवली. स्टेनलेस काचेच्या जवळपास दुप्पट फुगते, तसंच आकसते. डिसेंबरात पहाटे चौकटीनं काचेची कड चावली. ज्वारीएवढे तुकडे! मजुरी बुडाली, वरून काचेचे पैसे माह्याच खिशातून. चौकातलं मी नख घालून पाह्यलं. काच स्टीलले कुठंच टेकत नाही, मधात रबर आहे. करणाऱ्याले काम येते. आन ते 168 पत्र्यांचे जोड डोळ्याले दिसत नाहीत म्हणतात. घासणाऱ्याले दंडवत.

पराटीवाला: तू कोणाले काम शिकवून राह्यला बे? माह्या कूलरची टाकी तिसऱ्या दिवशी गळाली!

वेल्डिंगवाला: जस्ती पत्रा होता. वेल्डिंगनं जस्त जळते, मंग तिथंच गंजते. कथलाचा डाख देतो म्हटलं होतं, तुलेच घाई.

पराटीवाला: खोटं! डाखाचं नावही काढलं नाही. 250 रुपये मोजून घेतले.

वेल्डिंगवाला: 200. पन्नास अजून बाकी आहेत.

ड्रॉइंगची मॅडम: टाकीचा वेगळा धागा काढा हो.

नळाची वाट पाहणारा: टाकीत भराले पाणी कुठं आहे?

पराटीवाला: पाच वाजता चौकातून आलो. त्या काचेची निळी सावली रस्त्यावर लांब पडते, पोरं तिच्यावरून लंगडी खेळून राह्यले होते. सावली बरी आहे. फक्त सावली म्हणतो मॅडम, लगेच स्क्रीनशॉट काढू नका. टाकी उद्या आणतो रे, पन्नास देणार नाही.