डॉक्टरांना प्राणायाम शिकवू नका, ड्युटीचा तक्ता बदला

रात्रपाळी
आमचं सांगली जिल्ह्यातलं ग्रामीण रुग्णालय. परवा रविवारी सकाळी डॉक्टरांसाठी ताणमुक्तीचं शिबिर झालं. डोळे मिटायला सांगितल्यावर माझी सहकारी पाच मिनिटांत गाढ झोपली. तिची ड्युटी शनिवारी सकाळी सुरू झाली होती. रात्री एकटीनं दोन बाळंतपणं, घोणस चावलेला ऊसतोड कामगार आणि मारामारीच्या पोलीस केसचे कागद, एवढं निस्तरून ती थेट तिथं आली होती. मला फार वाईट वाटलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं. कामावरचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला की अंगातलं बळ संपतं, कामाबद्दल तुटकपणा येतो, आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागतं. मूळ कामाच्या जागी आहे, तर उपाय डॉक्टरच्या श्वासात का शोधायचा?

माझं म्हणणं एवढंच : रात्र काढलेल्याला दुसऱ्या दिवशी ओपीडी नको. पोर्टलवर आकडे भरायला वेगळा माणूस द्या. आणि ड्युटी बदलताना पेशंट लेखी सोपवा. निवासी डॉक्टरांसाठी (म्हणजे पुढचं शिक्षण घेता घेता रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी) सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्रानं १९९२ मध्येच घातली होती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला ७४ तास आणि एक सुट्टी सुचवली. आमच्यासारखे तर या हिशेबात धरलेलेही नाहीत.

मिरजेचा सर्जन
तुमच्या सहकारीबद्दल वाईट वाटलं, पण मत पटत नाही. मी ३० वर्षं पोटाची ऑपरेशनं करतोय. रात्री दोनला मऊ असलेलं पोट पहाटे पाचला कडक झालं, हे ज्याच्या हाताला दोन्ही वेळा कळलं त्यालाच अपेंडिक्स फुटल्याचा संशय येतो. बारा तास झाले म्हणून तो हात घरी गेला, तर नवा माणूस शून्यापासून सुरू करणार. पेशंट सोपवताना जे निसटतं, त्यानं माणसं दगावतात.

विट्याचा दवाखाना
माझ्या पंधरा खाटा. पाळ्या लावायच्या म्हणजे तीन डॉक्टरांचे पगार, ते बिलात कुठं घालू? शेजारच्या दोन डॉक्टरांना म्हटलं, रात्री आळीपाळीनं बघू. पहिल्याच आठवड्यात नातेवाइकांनी पेशंट हलवला. आमच्याकडे लोक दवाखान्यात येत नाहीत ओ, डॉक्टरकडं येतात.

जतवाला
मी पेशंटच्या बाजूनं बोलतो. वडिलांना जतहून सांगलीला आणायला दोन तास गेले. डॉक्टर आमच्यावर खेकसले, तेव्हा राग आला. नंतर सिस्टर म्हणाल्या की ते कालपासून घरी गेलेले नाहीत. पण खरं सांगा, त्यांची ड्युटी संपली असती तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

रात्रपाळी
जतवाले दादा, जो पुढं येईल त्याच्या तोंडाकडं. फक्त त्याला तुमच्या वडिलांचं सगळं माहीत पाहिजे, ही जबाबदारी आमची.

विट्याच्या सरांना माझ्याकडे उत्तर नाही. खाजगीत पैशाचा प्रश्न खराच आहे. सरकारी ठिकाणी मात्र रिकामी पदं आणि तक्ता हाच प्रश्न आहे, तिथं ही सबब चालू नये.

सर्जन सर, निसटतं हे मान्य. म्हणून तर सोपवणं सुधारायचं. अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना ठरलेल्या साच्यात सोपवायला शिकवलं. २०१४ मध्ये छापून आलं की चुका २३ टक्क्यांनी घटल्या. आणि तीस तास जागा असलेला हात पहाटे पाचला तोच हात राहतो का, हेही बघा.

मिरजेचा सर्जन
हाताबद्दल म्हणालात, त्यावर लगेच बोलत नाही. रात्र जागल्यावर सकाळची मोठी ऑपरेशनं मी गेली काही वर्षं पुढं ढकलतो. पण तासांच्या नियमाला माझा विरोध कायम. पेशंट सोपवायचा कागद तेवढा दाखवा. पोटाच्या पेशंटचं त्यात काय लिहिता?

रात्रपाळी
आम्ही दोघांनी आपापसातच सुरू केलाय, सर. पेशंट किती गंभीर, आतापर्यंत काय झालं, काय करायचं राहिलं, रात्रीत काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर पहिलं काय करायचं. घेणाऱ्यानं हे उलट सांगून दाखवायचं. पोटाच्या पेशंटला एक ओळ जास्त आहे : जाणारा आणि येणारा, दोघांनी एकाच वेळी पोट तपासल्याशिवाय सही करायची नाही.