सवलतीतली बेस गिटार, त्यात एक फ्रेट उंच: ठेवू की परत करू?

धागाकर्ता: चांगल्या सवलतीत चार तारांची बेस घेतली. खालचा ई अगदी छातीत घुमतो, नेकही (गिटारची लांब मान) हातात मस्त बसते. पण सगळ्यात बारीक 'जी' तारेवर पंधरावा फ्रेट (नेकवरचा धातूचा आडवा उंचवटा) दाबला की सोळाव्याचाच सूर येतो, आणि चौदाव्यावर भयंकर बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर). सॅडल (बॉडीवर तार जिथे टेकते तो भाग) उचलून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढवली तर सूर सुटा येतो, पण मग बोटं दुखतात. दुकानात बदली नग नाही, फक्त पैसे परत मिळतील. मुदत संपत आलीय आणि हा भाव पुन्हा मिळेलसं वाटत नाही.

खर्जवाला: बझसाठी कोणी गिटार परत करतं का? चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात असतो, शिवाय प्रवासात हवा बदलते, नेक हलणारच. ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) पाव फेरा फिरवा, एक रात्र जाऊ द्या, मग बघा. सेटअप (अशी सगळी जुळणी) न करता कुठलीही बेस नीट वाजत नाही, महागडीसुद्धा.

तिसरी तार: असहमत. ट्रस रॉडचा परिणाम मुख्यतः बाराव्या फ्रेटच्या अलीकडे. पुढे नेक बॉडीला स्क्रूने आवळलेली असते, तिथे रॉड काय करणार? पंधराव्यावर सोळाव्याचा सूर म्हणजे सोळावा फ्रेट उंच आहे, झालं. एखादी छोटी, सरळ कडेची धातूची पट्टी १५, १६, १७ या तीन फ्रेटवर एकदम टेकवा. डुगडुगली तर मधला उंच. परत करा.

खर्जवाला: बरं, उंच तर उंच. बेसवाला गाण्यात पंधराव्या फ्रेटवर जातो कधी? नावाजलेला बेसवादक जेम्स जेमरसन, त्याच्या बेसची ॲक्शन उंच असायची, त्याचं काही अडलं नाही.

तिसरी तार: त्याला तशी आवडायची म्हणून त्याने ठेवली होती. यांना ती नाइलाजाने ठेवावी लागतेय. आणि वाजवायचेच नसतील तर ते फ्रेट लावलेत कशाला? १९५१ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या बेसला 'प्रिसिजन' म्हणाले ते फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणूनच ना!

घासकाम: मी दुरुस्तीची कामं करतो, म्हणून थोडं लिहितो. उंच फ्रेट दोन तऱ्हेचा असतो. एक, खाचेतून उचकटलेला. लाकडाच्या तुकड्याने तो दाबून धरा आणि पट्टी पुन्हा टेकवा. डुगडुग थांबली तर फ्रेट बसवून गोंद भरायचा, किरकोळ काम. दुसरा, घट्ट बसलाय पण मुळातच वर राहिलाय. तो घासून पुन्हा गोल करावा लागतो, आणि नेकचं बॉडीकडचं टोकच वर उचललेलं असेल तर आजूबाजूचे चार-पाच फ्रेटही घासावे लागतात. निर्णय होईपर्यंत कानस मात्र लावू नका. एकदा फ्रेट घासला की दुकान परत घेणार नाही. अलीकडे नवी गिटार घेतली की लोक आधी हत्यारं काढतात, बिल मागाहून शोधतात. असो.

मंद्र: सवलत कशाबद्दल होती ते आधी सांगा. बिलावर 'ओरखडा' लिहिलं असेल तर तुम्ही ओरखड्यासकट घेतलीत, वाकड्या फ्रेटसकट नाही.

खर्जवाला: दानाच्या गाईचे दात मोजत नाहीत.

मंद्र: पैसे मोजलेत त्यांनी, दान कसलं? दुरुस्तीइतकी रक्कम दुकानाकडून मागा. दिली तर ठेवा.

धागाकर्ता: पट्टी टेकवली. सोळाव्यावर डी आणि जी तारांच्या बाजूला टकटक डुगडुगते. लाकडाने दाबूनही काही फरक नाही. बिलावर 'पॉलिशवर डाग' एवढंच आहे. दुकानाला विचारलं तर म्हणाले, परत करा, पण दुरुस्तीचे पैसे देणार नाही.

खर्जवाला: तरी मी ठेवली असती. बाराव्यापर्यंत नेक सरळ आहे आणि आवाज तुम्हालाच आवडलाय. घासणावळ भरूनसुद्धा कदाचित स्वस्तच पडेल.

घासकाम: नेकचं टोक उचललेलं नसेल तर पडेलही. ते तपासायला निदान नेकभर लांब सरळपट्टी लागते, आणि गिटार कोणाला तरी दाखवेपर्यंत मुदत टळली तर दोन्हीकडून गेलं. मी असतो तर परत केली असती.

धागाकर्ता: परतच करतो. खोका माळ्यावरून काढलाय. तारा पूर्ण सैल करू का?

घासकाम: पूर्ण नको. एक-दोन सूर उतरवा, आणि हेडस्टॉकखाली (खुंट्यांच्या टोकाखाली) काहीतरी मऊ भरा.