भिजलेल्या कागदावरचा ठसा निनहायड्रिनने का उमटत नाही?

प्रश्न
मी न्यायसहायक विज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे. प्रात्यक्षिकात बोट टेकवलेल्या कागदाचे ठशाच्या मधोमध दोन तुकडे केले आणि एक तुकडा पाण्यात बुडवून वाळवला. निनहायड्रिन हे ठसे उमटवणारे रसायन लावून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी कोरड्या तुकड्यावर आधी जांभळे ठिपके आणि मग ठिपक्यांच्या रेषा दिसू लागल्या. भिजलेल्या तुकड्यावर मात्र नुसता फिकट डाग आला. पाण्याने ठसा पुसला गेला असे समजावे का?

प्रतिसाद १
ठसा पुसला गेला नाही, त्यातला एक घटक गेला. निनहायड्रिनची प्रक्रिया घामातील अमिनो आम्लांशी होते. रसायनशास्त्रज्ञ रूहेमान यांनी १९१० मध्ये हे रसायन तयार केले आणि १९५४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते ठशांसाठी सुचवले. कोरड्या कागदात अमिनो आम्ले तंतूंना इतकी घट्ट धरून राहतात की वर्षानुवर्षे जुन्या कागदावरही ठसा मिळू शकतो, पण पाण्यात ती विरघळून जातात. त्वचेवरचे स्निग्ध पदार्थ मात्र पाण्यात विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी फिजिकल डेव्हलपर हे चांदीचे द्रावण वापरतात. त्यातील चांदीचे कण ठशावर बसून राखाडी-काळ्या रेषा उमटतात.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र क्रमाकडे दुर्लक्ष करू नका. कोरड्या कागदावर आधी डीएफओ (अमिनो आम्लांशीच प्रक्रिया होणारे आणखी एक रसायन), मग निनहायड्रिन आणि शेवटी फिजिकल डेव्हलपर वापरावे, कारण हा शेवटचा टप्पा पाण्यातला असल्याने आधी केला तर अमिनो आम्ले धुऊन जातात. प्रत्येक टप्प्यानंतर छायाचित्र घ्यायलाच हवे, कारण पुढच्या टप्प्यात आधीचा ठसा कायमचा बिघडू शकतो. एटीएमच्या पावतीसारख्या औष्णिक कागदावर नेहमीचे निनहायड्रिन मुळीच लावू नये; त्यातील द्रावकाने कागद काळा पडतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग निनहायड्रिन लावलेल्या त्याच भिजलेल्या तुकड्यावर आता फिजिकल डेव्हलपर वापरता येईल का?

प्रतिसाद २
येईल. कागदात कॅल्शियम कार्बोनेट असेल तर आधी मॅलेइक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, नाहीतर सगळा कागदच काळवंडेल. चिमटा प्लास्टिकचा घ्या. धातूचा चिमटा लागला तर चांदी त्यावर बसते आणि द्रावण वाया जाते.