मुंबईत हेदर जगेल का?

बाल्कनीबाई, मुलुंड: बहीण स्कॉटलंडला असते, तिच्या अंगणात ऐन जानेवारीत गुलाबी हेदर फुललंय, फोटो बघून राहवेना म्हणून ऑनलाइन रोप मागवलं, तर आठ दिवसांत खालून खराट्यासारखं वाळलं. पाणी तर रोज घालत होते! काय चुकलं?

कुंडीदास: रोजचं पाणी नडलं असेल, पण खरं सांगू, तुमचा दोष नाही. हिवाळ्यात फुलतं ते एरिका कार्निया, आल्प्सकडच्या डोंगरातलं, बर्फाखालीही कळ्या धरून बसतं, त्याला आपला मे आणि वर जुलैची दमट हवा कुठली सोसायला.

बाल्कनीबाई: मग बहिणीसाठी तरी टिप द्या, तिच्या झुडपाला मधोमध टक्कल पडलंय 😄

कुंडीदास: फुलं संपली की लगेच वरवर कातरायचं, हिरवा पाला आहे तिथपर्यंतच. जुन्या लाकडात कात्री गेली की तिथून सहसा परत फुटत नाही.

गच्चीवरून: ताई कोरांटी लावा ना! थंडीतच फुलते, फांदी खोचली तरी लागते, माझी रंगाच्या जुन्या डब्यात आहे. पिवळीला काटे असतात हां, जांभळी बरी.