नाताळचं जेवण, सोरपोतेल आणि बांगडा: कोणती वाईन आणू?

दाभोलीची सून

नमस्कार. २५ तारखेला रात्री आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी बारा माणसं जेवायला आहेत. त्यातली आठ वाईन घेणारी.

सासरे होते तोवर हा प्रश्नच नव्हता. ते पोर्टची, म्हणजे गोड लाल वाईनची, एक बाटली आणायचे, कपाटातले लहान काचेचे पेले स्वतः पुसायचे, सगळ्यांना दोन-दोन घोट द्यायचे आणि मग आम्ही ताटावर बसायचो. यंदा ते नाहीत. नवरा म्हणाला, बाटली तू निवड.

गेल्या वर्षी मी हौसेने सावंतवाडीहून एक महागातली लाल वाईन आणली होती. रेशाद (लाल मिरची आणि व्हिनेगरचा मसाला भरलेल्या) बांगड्याबरोबर घोट घेतला तर तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव. सोरपोतेलबरोबर, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या डुकराच्या तिखट मटणाबरोबर, नुसता जाळ. अर्धी बाटली मोरीत ओतली. सासरे काही बोलले नाहीत, त्यांनी आपला पेला संपवला. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून यंदा विचारून करते आहे.

बेत असा: तळलेली सुरमई, रेशाद बांगडा, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं कालवण (ओलं खोबरं, कोकमाची सोलं घालून), सोरपोतेल आणि सान्नां (तांदळाच्या इडलीसारख्या), शेवटी गोड म्हणून दोदोल आणि नेवऱ्या (करंज्या). खर्च पाच हजारांपर्यंत. फ्रीज एकच आहे आणि त्या दिवशी तो भरलेला असणार.

माडाखालचो

ताई, येवढो विचार कशाक? गोवो हाकेच्या अंतरार. थयसून हाडा, स्वस्तात पडतला.

देवबागकर

ताई, गोव्यातून आणू नका. तिथली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, वाईनसुद्धा त्यातच आली. इन्सुलीला तपासणी नाका आहे. सणाच्या तोंडावर चार बाटल्यांसाठी घरच्या माणसाला तिथे अडकवू नका.

आता मूळ प्रश्न. मी अकरा वर्षं नाशिकला एका वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखवायच्या कामावर होतो. आता देवबागला घरीच पर्यटकांची सोय करतो, आणि आईच्या हातच्या जेवणाबरोबर कुठली वाईन चालते हे रोज बघतो.

गेल्या वर्षीची तुमची बाटली वाईट नसणार. लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, सालीतून तुरटपणा उतरतो. तो तुरटपणा मिरचीबरोबर जिभेला खरवडतो, आणि मद्यार्काने मिरचीचा जाळ आणखी वाढतो. शिवाय लाल वाईनमध्ये लोहाचा अंश असतो. त्याची माशाच्या तेलाशी गाठ पडली की हिवस, धातूसारखी चव उठते. बांगडा तर तेलाचाच मासा. तुमचा गंजका खिळा तिथून आला.

माशाला पांढरी आणि मटणाला लाल, हे तिकडच्या उकडलेल्या-भाजलेल्या जेवणाला ठीक आहे. आपल्याकडे मासा की मटण हे बघू नका, वाटप बघा. खोबरं किती, मिरची किती, आंबट कशाचं.

सुंगटांच्या कालवणात खोबऱ्याचा गोडवा आणि सोलांचा आंबटपणा आहे. चेनिन ब्लांकमध्ये दोन्ही असतं. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत ते छान रुळलं आणि तिथे त्याची किंचित गोडसर वाईन करतात. हा थोडा गोडवाच तिखटाला धरतो. माझ्या मते मालवणी जेवणाला एकच बाटली घ्यायची झाली तर हीच.

सुरमईला फेसाळ वाईन घ्या, कोरडी, म्हणजे लेबलवर ब्रूट लिहिलेली. तळणीवर आपण लिंबू पिळतो, तेच काम तिचा आंबटपणा आणि बुडबुडे करतात. माणसं आल्याआल्या ही उघडा आणि सुरमई गरम असतानाच फिरवा. रव्याचा चुरचुरीतपणा गेला की मजा गेली.

सोरपोतेलमध्ये व्हिनेगर आहे. जेवण वाईनपेक्षा आंबट असलं की वाईन पाणचट लागते. म्हणून तिथे झिनफँडेल द्राक्षाची गुलाबी वाईन घ्या, फळांच्या वासाची, थोडी गोड. सोरपोतेल तुम्ही दोन-तीन दिवस आधी करून मुरवत असाल, तोवर व्हिनेगरचा चटका जरा निवलेला असतो, तेवढं वाईनला सोपं जातं.

बांगड्याला मात्र कुठलीच नको. सुकी मिरची, व्हिनेगर आणि तेलकट मासा, तिन्ही एकदम. अनेक बाटल्या उघडून बघितल्या, एकही टिकली नाही. बांगडा वाढाल तेव्हा पेले रिकामे असू देत. सोलकढी करणार असाल तर तीही वाईनबरोबर टेबलावर आणू नका, अगदी शेवटी द्या. कोकमाच्या आंबटपणानंतर कुठल्याच वाईनला चव राहत नाही.

हिशोब: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले. दोन चेनिन, एक फेसाळ, एक गुलाबी, म्हणजे वीस पेले. आठ जणांना पुरून उरतील आणि तुमच्या खर्चात बसतील.

घेताना लेबलवरचं साल बघा. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, त्यामुळे यंदाच्या सालाची पांढरी वाईन डिसेंबरात ताजी आणि छान असते. फार तर गेल्या सालची घ्या. दुकानात उन्हाच्या कपाटात उभी असलेली बाटली घेऊ नका. आपल्या हवेत ती आतून शिजलेली असते.

फ्रीजची काळजी सोडा. थर्माकोलचा मासळीचा खोका असेल, नवा घ्या, वास नको. त्यात बर्फ, बाटल्या बुडतील इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली गार. नुसत्या बर्फात ठेवलीत तर मधे हवा राहते आणि तासभर लागतो.

रमेदीवाली

वसईत आमच्याकडे नाताळला इंद्याल (डुकराचं आंबट-तिखट मटण) आणि फुगे (तळलेले गोल पाव) असतात. देवबागकरांचं बहुतेक पटलं, पण डुकराच्या मटणाला आमच्या घरी लाल लागतेच, नाहीतर थोरले दीर ताटावर बसत नाहीत. आम्ही अकलूजची सांजोवेजे, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाईन, आणतो. ती हलकी असते, तुरटपणा बेताचा. अट एकच, तीही अर्धा तास गार करायची. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपली खोली डिसेंबरातही अठ्ठावीसची.

दाभोलीची सून

दोघांचे आभार. सोरपोतेल २२ तारखेलाच करते. गुलाबीऐवजी सांजोवेजे घ्यावी का, याचा विचार चालू आहे. दोदोलबद्दल कोणी काही म्हटलं नाही. आणि पोर्ट यंदा बंदच करू का? आधी ती गोड आणि मग जेवण, हे चुकीचंच होतं ना?

देवबागकर

दोदोल राहूनच गेलं. पोर्ट बंद करू नका, फक्त जागा बदला. गोड पदार्थाला त्याच्याइतकी किंवा त्याहून गोड वाईन लागते, नाहीतर ती आंबट लागते. काळा गूळ आणि नारळाच्या रसाचं दोदोल, त्याला पोर्टइतकं चांगलं काही मी तरी चाखलेलं नाही. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या अस्सल पोर्टमध्ये रस आंबत असतानाच द्राक्षाचं मद्य घालतात. त्याने आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बहुधा साधी गोड लाल वाईन, पण दोदोलला तीही चालते. सासऱ्यांचं माप बरोबर होतं. लहान पेला, दोनच घोट.

रमेदीवाली

आणि सांजोवेजेच घ्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर नक्कीच.

दाभोलीची सून

आज २६. सांगायला आले.

सुरमई आणि फेसाळ वाईन पहिल्या पंधरा मिनिटांत संपली, दुसरी बाटली हवी होती. चेनिन सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घेतली आणि सुंगटांचं कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं. सांजोवेजे मिठाच्या पाण्यात जास्त वेळ राहिली, फारच गार झाली होती. दहा मिनिटं टेबलावर ठेवल्यावर खुलली. बांगड्याच्या वेळी धाकट्या दिराने हट्टाने पेला भरला, एक घोट घेऊन बाजूला ठेवला.

दोदोल कापायच्या आधी नवऱ्याने कपाटातले लहान पेले काढले आणि पुसले. बारा पेले होते, मुलांच्या पेल्यांत कोकम सरबत घातलं. सासऱ्यांच्या खुर्चीपुढे एक ठेवला.