तुर्कस्तानात काय खाल्लंत? गावोगावच्या चवींचे अनुभव लिहा

रानजाई:
परवा खिरीसाठी बारीक शेवया तुपावर परतत होते आणि त्या वासाने मला थेट अंताक्यात नेऊन सोडलं. २०१९ चा ऑक्टोबर. उझुन चार्शी हा तिथला जुना बाजार. एका दुकानात तांब्याची भलीमोठी तबकडी फिरत होती, खाली जाळ. कारागीर भोकाभोकाच्या भांड्यातून पातळ पीठ तिच्यावर सोडायचा, केसासारख्या धारा पडायच्या आणि क्षणात सुकायच्या. मग हात फिरवून सगळा झुबका उचलायचा. हे कादायफ. पलीकडच्या दुकानात त्याच शेवया लोण्यात चोळून, मध्ये बिनमिठाचं ताजं चीज घालून, छोट्या थाळीत निखाऱ्यांवर लावलेल्या. एक बाजू तांबूस झाली की दुसऱ्या थाळीत पालथी. वरून पाक आणि पिस्त्याची भुकटी. पहिल्या घासाला चीजची तार हातभर लांब. हेच कुनेफे.

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने ते जुनं शहर होत्याचं नव्हतं झालं. त्या कारागिराचं नाव मी विचारलं नव्हतं. अजून रुखरुख लागते.

कबाब आणि बकलावा सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे दर शे-दोनशे किलोमीटरला चव बदलते. तुम्ही कुठे काय खाल्लंत, कुठे मिळतं, लिहा. जाणाऱ्यांना उपयोग होईल.

पोटोबा_सांगली:
गाझिआंतेप!! दुसरं काही बोलूच नका. सकाळी कात्मेर खायचं. पीठ हवेत फिरवून इतकं पातळ करतात की पलीकडचं दिसतं, त्यात साय, पिस्ता, साखर, घडी घालून भट्टीत. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी गेलो तर संपलेलं, म्हणून सांगतो, नाश्त्यालाच जा. आणि बेयरान, मटण-भात-लसणाचं झणझणीत सूप, तेही सकाळीच पितात. वाटीच थेट जाळावर ठेवून उकळवतात. युनेस्कोने २०१५ मध्ये या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हटलं ते उगाच नाही. बकलावा पालथा करून तोंडात घालायचा, असं तिथल्या एका आजोबांनी खुणेनं शिकवलं. पाकाची बाजू आधी जिभेला लागते. करून बघा.

मृद्गंध७:
अंताक्याचं वाचून गलबललं. बाकी निवांत लिहिते, कुकर लावलाय.

अनघा_ठाणे:
सासूबाई पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. अकरा दिवस होतो आणि त्या एकदाही उपाशी राहिल्या नाहीत. एकच शब्द पाठ करा, झेतिनयाली. म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या. फरसबी, आर्टिचोक, भरलं वांगं. इझमीरच्या बाजूला तर रानभाज्याही इतक्या की सासूबाई बाजारात रमल्या. एस्नाफ लोकांतासी शोधा. दुकानदार-कामगार जेवतात ती खानावळ. पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवायचं. मसूरचं सूप सगळीकडे मिळतं पण "एत सुयू वार मी?" एवढं विचाराच, कारण ते मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. आणि ताऊक गोयसू नावाची दुधाची गोड वडी शाकाहारी नाही!! तिच्यात कोंबडीच्या छातीचं मांस धाग्याधाग्यांनी असतं. आमच्या टेबलावरून वेळेत परत पाठवली.

पोटोबा_सांगली:
गोडात कोंबडी? ताई, सासूबाईंना सांगितलंत की नाही?

अनघा_ठाणे:
भारतात परतल्यावर सांगितलं 😄

सह्यसखा:
काळ्या समुद्राकडे कुणीच गेलं नाही का? त्राबझोन, रिझे. पावसाळी डोंगर, चहाचे मळे, धुकं, कोकणात आल्यासारखं वाटलं. मुहलामा खा. मक्याचं पीठ लोण्यात भाजून त्यात चीज, तव्यासकट समोर येतं, पावाने ओढून खायचं. थंडीत गेलात तर हामसी, आपल्या मांदेलीएवढी मासळी, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. भातातही घालतात.

मालवणी_माणूस:
मांदेलीचं नाव काढलंत, आता बाजारात जाणं आलं.

स्वप्ना_क:
प्रश्न: बुलगूर म्हणजे आपला दलियाच ना? पुण्यात कुठे मिळेल?

सह्यसखा:
नाही हो. बुलगूरचा गहू आधी उकडतात, वाळवतात, मग भरडतात. दलिया कच्च्या गव्हाचा. म्हणून बारीक बुलगूर नुसता गरम पाण्यात भिजवूनही खाता येतो.

दूरदेशी:
मी जर्मनीत. वरच्या मजल्यावर तुर्कस्तानातल्या सिवासच्या एक आजी राहतात. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला बाबा गेले आणि मला अंत्यविधीला पोचता आलं नाही. तिसऱ्या दिवशी आजी झाकलेली वाटी घेऊन आल्या. रवा लोण्यात खमंग भाजलेला, दूध, साखर, चिलगोजे. इरमिक हेलवासी. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर हा करून वाटतात. मला तो आपला शिराच. बाबांना सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा फार आवडायचा. आजींना मराठी येत नाही, मला तुर्की येत नाही. आम्ही दोघी जिन्यात बसून रडलो. हा काही प्रवासाचा अनुभव नाही, पण लिहावंसं वाटलं.

रानजाई:
बरं केलंस बाई लिहिलंस. आजींना माझा नमस्कार सांग.

मृद्गंध७:
🙏 दूरदेशी, बाबांना नमस्कार.
आता माझं. काइसेरीची मांती. मटण भरलेल्या नखाएवढ्या पुरचुंड्या, वर लसणाचं दही आणि लाल मिरचीचं गरम लोणी. एका चमच्यात चाळीस मावल्या पाहिजेत असं म्हणतात. आम्ही राहिलो त्या घरच्या मावशी दुपारभर वळत होत्या, मीही बसले. मोदकाच्या पाऱ्या करणाऱ्या हाताला फार जड गेलं नाही, पण तिसऱ्या ताटानंतर पाठ भरून आली. ती मांती हॉटेलात मिळणार नाही, घरगुती राहायच्या जागा बघा.

स्वप्ना_क:
आमच्याकडे इस्तंबूलचे तीनच दिवस आहेत 😔

अनघा_ठाणे:
मग बोटीने कादिकॉयला जा, तिथल्या बाजारात चिया सोफ्रासी नावाची खानावळ आहे. अनातोलियाच्या गावोगावचे पदार्थ एका छताखाली, रोजचा फळा वेगळा. आणि फातिह भागातल्या कादिन्लार पाझारी या बाजारात आग्नेयेकडच्या सीर्त गावच्या लोकांची दुकानं. पेर्दे पिलावी मागा, पिठाच्या पारीत बंद करून भाजलेला बदामाचा भात. चिकन असतं मात्र.

जुईची_आई:
आणि तहीन-पेकमेझ! तिळाची पेस्ट आणि द्राक्षाची काकवी, पावाला लावून, थंडीतला नाश्ता. लेकीने एक घास घेतला आणि म्हणाली, आई, संक्रांत.

वाटसरू_नाशिक:
रानजाईताई, मी गेल्या वर्षी कामानिमित्त अंताक्यात होतो. कंटेनरच्या तात्पुरत्या बाजारात कुनेफे मिळालं. कादायफची तबकडी तिथेही फिरत होती. माणूस साठीचा, पांढऱ्या मिशा, डाव्या हाताला पट्टी. तुमचाच कारागीर की काय, देव जाणे.

रानजाई:
मिशा होत्या!! तेव्हा काळ्या होत्या, पण होत्या. फोटो असेल तर टाका ना, मी थांबते.